नागासाकीत पाद्र्यांविना टिकलेली श्रद्धा: निशिझाका, ओउरा आणि सोतोमे, कुठे किती वेळ द्यावा

वसईच्या ख्रिस्ती घरांत नागासाकी हे नाव अणुबॉम्बच्याही आधी कानावर पडतं, ते संत गोन्सालो गार्सियामुळे. आई वसईची, वडील पोर्तुगीज. आधी येशूसंघीयांच्या (जेझुइटांच्या) हाताखाली जपानात काम, मग व्यापार, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर, आणि 1593 मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. म्हणून इथून जाणारी मंडळी निशिझाकाला जातात, मेणबत्ती लावतात, फोटो काढतात आणि बसमध्ये बसतात. एवढ्यासाठी एवढा विमानखर्च करू नका. हुतात्म्यांनंतर जे घडलं ते बघायला दोन दिवस काढा. 1644 मध्ये जपानमधले शेवटचे धर्मगुरू मारले गेले आणि 1865 पर्यंत लोकांना एकही फादर भेटला नाही. मिस्सा नाही, कुमसार (पाद्र्यासमोर पापांची कबुली) नाही, बिशप नाही. तरी गावंच्या गावं ख्रिस्ती राहिली. ती कशी राहिली, हे कोणती जागा किती नीट समजावते, यावर खालचं मत आहे.

निशिझाका: 26 हुतात्म्यांचं संग्रहालय (पाचपैकी साडेचार)

नागासाकी स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटं, पण शेवटी चढ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सी करावी. टेकडीवरचं उद्यान आणि स्मारक फुकट, संग्रहालयाला मोठ्यांसाठी 500 येनच्या आसपास तिकीट. संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे 1962 मध्ये, हे सगळं उभं राहिलं. वास्तुरचना केन्जी इमाई यांची, ब्राँझच्या मूर्ती यासुताके फुनाकोशी यांच्या. या मूर्तींसमोर घाई करू नका. 26 जण एका ओळीत, बहुतेकांचे हात जोडलेले, आणि पाय जमिनीला न टेकलेले. बोटं खाली लोंबताहेत. क्रुसाचं लाकूड कुठेच नाही, पण ती लोंबणारी पावलं बघितली की लाकडाची गरज उरत नाही. ओळीत मधेच उंची कमी होते तिथे मुलं आहेत. सर्वांत धाकटा लुईस इबाराकी 12 वर्षांचा होता.

या लोकांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत, डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत सुमारे 800 किलोमीटर चालवत आणलं होतं. वाटेतल्या गावांनी धडा घ्यावा हा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याचा हेतू. त्याने पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम 1587 मध्येच काढला होता. त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावांनी 1614 मध्ये देशभर बंदी घातली.

आत गेल्यावर सगळ्या वस्तूंना सारखा वेळ देऊ नका. फ्रान्सिस झेवियर यांच्या हातचं पत्र आहे, गोव्याच्या माणसाचे पाय तिथे आपोआप थांबतील. झेवियर 1549 मध्ये गोव्यातूनच निघाले आणि 15 ऑगस्टला कागोशिमाला उतरले. त्यांच्यासोबतचा अंजिरो गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकलेला आणि गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला. म्हणजे जपानच्या ख्रिस्तसभेची शिदोरी मांडवीच्या काठावर बांधली गेली. पण अर्धा तास राखून ठेवायचा तो 'युकी नो सांता मारिया', म्हणजे हिमाच्या मारियेच्या चित्रासाठी. सोतोमे या समुद्रकाठच्या भागातल्या गुप्त ख्रिस्ती लोकांनी सांभाळलेलं हे छोटं चित्र जपानी कागदावर आहे. मोकळे लांब केस, जोडलेले हात, खाली झुकलेली नजर. कडा झिजल्यात, रंग उडालाय, चेहरा मात्र शाबूत आहे. कागद असल्यामुळे गुंडाळी करून कुठेही सारता येत होतं. लाकडी मूर्ती असती तर झडतीत सापडली असती. शेजारी मारिया कान्नोन आहेत. कान्नोन म्हणजे बौद्धांची करुणेची देवी. तिच्या चीनहून आलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती, काहींच्या मांडीवर मूल. शेजाऱ्याला ती कान्नोन, घरच्यांना मारिया. मूर्तीवर क्रूस कोरलेला असेलच असं नाही, खूण बहुतेक वेळा मूर्तीत नसून तिच्यासमोर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत होती.

अर्धा गुण कापला तो वस्तूंच्या मांडणीसाठी नाही. इथे वस्तू आहेत, पण त्या कोण वापरायचं आणि कधी, याची यंत्रणा आधी माहीत नसेल तर सगळं जुन्या सामानासारखं दिसतं. म्हणून जाण्याआधी पुढचा भाग वाचून जा.

यंत्रणा कशी चालायची

नागासाकीजवळच्या उराकामी खोऱ्यात कामं तीन माणसांत वाटलेली होती. गावात एक चोकाता: त्याच्याकडे वर्षाचं पंचांग आणि प्रार्थना. प्रत्येक वाडीत एक मिझुकाता, म्हणजे पाणीवाला: बाप्तिस्मा देणारा. आणि किकियाकु, निरोप्या: चोकाताने ठरवलेले सणवार घरोघर पोचवणारा. सोतोमे आणि गोतो बेटांवर नावं थोडी वेगळी, रचना तीच. या वाटणीतलं शहाणपण बघा. निरोप्या पकडला गेला तर त्याला पूर्ण प्रार्थना माहीत नसायच्या, पाणीवाला गेला तरी पंचांग शाबूत राहायचं. ही रचना आयत्या वेळी सुचलेली नव्हती. पाद्री होते त्या काळात गावोगाव सेवामंडळं स्थापन झाली होती, आजाऱ्यांची काळजी आणि मयतीचं बघणारी. पाद्री गेले, मंडळं उरली, त्यांनीच भार उचलला.

काय करता येत होतं आणि काय नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार अडचणीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो: खरं पाणी हवं, ठरलेले शब्द हवेत आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करायचा हेतू हवा. विवाहात नवरा-नवरीच एकमेकांना संस्कार देतात. हे दोन टिकले. कुमसाराला पाद्री लागतो, तिथे वाट अडली होती. ती मोकळी केली एका छोट्या पुस्तिकेने. 1603 मध्ये बिशप सेर्केइरा यांच्या काळात तयार झालेली 'कोन्चिरिसान'ची, म्हणजे पूर्ण पश्चात्तापाची शिकवण. पाद्री मिळत नसेल तर मनापासून, देवावरच्या प्रेमापोटी पश्चात्ताप करा; क्षमा मिळते. अट एकच: पाद्री भेटेल तेव्हा कुमसार करीन हा निश्चय त्या पश्चात्तापातच हवा. या अटीकडे नीट लक्ष द्या. दरवर्षी ही प्रार्थना म्हणणारा माणूस दरवर्षी पाद्र्याची वाट बघण्याचं वचन नव्याने देत होता. सात पिढ्या वाट कशी बघितली, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

ही प्रार्थना सर्वांत जास्त लागायची ती फुमिएनंतर. फुमिए म्हणजे ख्रिस्ताचं किंवा मारियेचं चित्र जमिनीवर ठेवून त्यावर पाय द्यायला लावणं. नागासाकीत ते नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, पेठेपेठेने, यादी हातात घेऊन व्हायचं. आधी कागदी चित्रं होती, ती फाटायची, मग लाकडी पाटात धातूचं चित्र बसवलं, आणि 1669 मध्ये पितळी ओतून घेतली. त्यावरचे चेहरे पायांनी घासून गुळगुळीत झालेत. जप्तीतल्या मूळ वस्तूंचा मोठा साठा टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूळ फुमिए बघायचंच असेल तर टोकियोत काय मांडलंय ते आधी तपासा. दिवसा पाय द्यायचा आणि रात्री घरी कोन्चिरिसान म्हणायची, असं जगणाऱ्यांना हलकं लेखणाऱ्या माणसाने त्या पितळेसमोर उभं राहून बघावं. मुलं जगली नसती तर पुढे बाप्तिस्मा कोणाला दिला असता?

पंचांगाचं काम दिसतं त्याहून अवघड. नाताळ ठरलेल्या तारखेला, पण पास्खा (ईस्टर) सरकता, आणि जपानचं पंचांग चांद्र. पास्ख्याच्या 46 दिवस आधी उपवासकाळ सुरू होतो, त्या दिवसाला ते 'दुःखात प्रवेश' म्हणत. सोतोमेच्या परंपरेत हे पंचांग बास्चियान नावाच्या प्रवचनकाराचं, 1634 सालचं. चोकाता त्यावरून दरवर्षी सण बसवायचा आणि कोणत्या दिवशी सुई हातात घ्यायची नाही, हेही सांगायचा. एकदा हिशेब चुकला की वर्षभराचे सण घसरतात आणि दुरुस्त करायला वर कोणी नाही. काही बेटांवर तसं झालंही.

प्रार्थनांना ते ओराशो म्हणतात, लॅटिन 'ओरातिओ'वरून. पाठ करायच्या, लिहायच्या शक्यतो नाहीत, पुटपुटत म्हणायच्या. लॅटिन शब्दांचा अर्थ पिढ्यांमागे निसटला, उच्चार वळले. इकित्सुकी बेटावरचं 'गुरुरियोझा' हे मुळात 'ओ ग्लोरिओसा दोमिना'. आपल्याला हे ऐकताना वेगळीच जवळीक वाटते, कारण त्यांची आणि आपली शब्दांची पेटी एकच, पोर्तुगीजांची. आपण नाताळ म्हणतो, ते 'नातारा' म्हणत. आपली मिस्सा, त्यांची 'मिसा'. आपला क्रूस, त्यांचा 'कुरुसु'. आपला पाद्री, त्यांचा 'बातेरेन'.

सर्वांत अडचणीचा प्रसंग मयतीचा. प्रत्येक घराची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीची, त्यामुळे अंत्यविधीला भिक्षू येणारच. भिक्षू बाहेर सूत्रं म्हणत असताना शेजारच्या खोलीत घरचे 'सूत्र पुसणारी' ओराशो म्हणत. यंत्रणा कधी कधी इथे फुटायची. 1867 मध्ये उराकामीच्या लोकांनी भिक्षूला न बोलावता माणसं पुरली आणि धरपकड सुरू झाली. दुसरं छिद्र बक्षिसाचं. ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीच्या 1682 च्या सरकारी फलकावर दर लिहिले आहेत: पाद्र्याची खबर चांदीच्या 500 नाण्यांना, ब्रदरची 300, धर्म सोडून पुन्हा वळलेल्याची 300, पाद्र्यांच्या मदतनिसाची किंवा साध्या ख्रिस्ती माणसाची 100. त्यात पाच-पाच घरांचे गट, एकाच्या गुन्ह्याला पाचही जबाबदार. गाव उघडं पडलं की त्याला 'कुझुरे', कोसळणं, म्हणत. 1657 मध्ये ओमुरात बोलण्यातून बातमी फुटली आणि 600 च्या वर लोक धरले गेले. त्यांतल्या 400 हून अधिक जणांची मान उडवली. असा फलक दिसला की आकडे वाचून पुढे जाऊ नका. गरीब शेतकऱ्याला 100 नाणी म्हणजे काय, आणि तरी शेजारी गप्प का राहिले, याचा विचार करा.

ओउरा चर्च आणि त्याचं संग्रहालय (पाचपैकी चार)

ट्रामने शिन्चिला उतरून 5 नंबरची लाईन, मग चढ आणि पायऱ्या. तिकीट 1000 येनच्या घरात, त्यात संग्रहालय आलं. चर्चच्या आत फोटो काढता येत नाही, आणि तेच बरं. 1864 च्या अखेरीस बांधून झालेलं हे चर्च निशिझाकाच्या 26 हुतात्म्यांना अर्पण केलं आहे आणि तोंडही त्याच टेकडीकडे आहे. हे परदेशी लोकांसाठी होतं, जपान्यांना मनाई. 17 मार्च 1865 रोजी उराकामीचे पंधराएक जण बघे म्हणून आले. तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ प्रार्थना करत असताना एक बाई जवळ येऊन म्हणाली, आमचं सगळ्यांचं मन आणि तुमचं मन एकच आहे. आणि लगेच, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? ती मूर्ती बाजूच्या वेदीवर आजही आहे. तिच्यासमोरच्या बाकावर बसा. रेकॉर्ड केलेली माहिती चालू असते, ती एकदा ऐकून घ्या, मग डोळे मिटा.

संग्रहालय 2018 पासून बाजूच्या जुन्या सेमिनरीत आणि बिशपांच्या जुन्या निवासात आहे. यंत्रणा क्रमाने समजून घ्यायला हे निशिझाकापेक्षा सोपं. गुण कमी केला तो गर्दीसाठी. शेजारी ग्लोव्हर बाग असल्याने दुपारी शाळांच्या सहली आणि टूर एकदम येतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा. आणि एक चुकीची समजूत सोडून द्या: 1865 ला सुटका झाली नाही. त्यानंतरच उराकामीच्या 3,300 हून अधिक लोकांना हद्दपार करून देशभर विखुरलं, 600 हून अधिक परत आले नाहीत. बंदीचे फलक उतरले ते 1873 मध्ये. परतलेल्यांनी ज्या मुखियाच्या वाड्यात फुमिए चालायचं तीच जागा विकत घेऊन उराकामीचं चर्च बांधलं. 9 ऑगस्ट 1945 चा बॉम्ब त्या चर्चपासून सुमारे 500 मीटरवर फुटला. ट्रामने अर्ध्या तासात तिथे जाता येतं, जरूर जा.

सोतोमे (पाचपैकी पाच)

एकच दिवस असेल तर माझं मत सोतोमेला. बसने सव्वा तासाच्या आसपास, मधे बस बदलावी लागते आणि परतीच्या फेऱ्या मोजक्या. स्टेशनवरच परतीची वेळ लिहून घ्या. समुद्रावर उतरणारे कडे, पायऱ्यापायऱ्यांची दगडी शेती, पिकायचं काय तर रताळी. इथे यावंसं कोणाला वाटत नव्हतं, म्हणून श्रद्धा टिकली. इथलं शित्सू चर्च 1882 चं, फ्रेंच धर्मगुरू फादर मार्क द रोत्झ यांनी बांधलेलं. छत मुद्दाम बुटकं, समुद्रावरच्या वाऱ्यासाठी. आत जायचं असेल तर जागतिक वारसा चर्चच्या माहिती केंद्राला आधी कळवावं लागतं. न कळवता गेलात आणि मिस्सा किंवा मयत असली तर बाहेर थांबावं लागेल. टोपी काढा, वेदीच्या पायरीवर चढू नका. ही चालती धर्मग्रामं आहेत.

चर्चपासून थोडं खाली द रोत्झ यांनी 1883 मध्ये काढलेलं मदतकेंद्र आहे. समुद्रात नवरे गमावलेल्या बायकांना विणकाम, पाव, मॅकरोनी आणि सोमेन शेवया करायला शिकवायचं ठिकाण. त्या शेवया आजही मिळतात. पीठ ओढताना भुईमुगाचं तेल लावतात, त्यामुळे गिळताना मऊ लागतात आणि एकमेकींना चिकटत नाहीत. घरी उकळताना पाणी भरपूर घ्या, दोनेक मिनिटांत उतरवा आणि लगेच गार पाण्यात चोळून धुवा. धुतल्या नाहीत तर गोळा होतो.

कारेमात्सु देवळासाठी वेळ ठेवा. बाहेरून शिंतो देऊळ, आत पूजा बास्चियानच्या गुरूची, सान जिवानची. देवळाच्या वाटेवर झाडीत एक मोठा खडक आहे. उपवासकाळाच्या रात्री लोक त्याच्या आडोशाला बसून ओराशो पाठ करायचे आणि मुलांकडून करून घ्यायचे. आजही तिथे पाटी सोडली तर दुसरं काही नाही. वाट ओली असते, पायात चांगली पकड असलेले बूट घाला.

शब्दांबाबत एक खबरदारी. बंदीच्या काळात लपून राहिले त्यांना सेन्पुकु म्हणतात, आणि 1873 नंतरही कॅथलिक ख्रिस्तसभेत न परतता पूर्वजांची रीत तशीच पाळत राहिले ते काकुरे. हे लोक इकित्सुकीत अजून आहेत, मोजकेच. 'शेवटचे गुप्त ख्रिस्ती दाखवतो' अशी जाहिरात करणाऱ्या टूरवर पैसे घालवू नका. त्यांचं माजघर म्हणजे बघायची जागा नव्हे. तिथलं 'शिमा नो याकाता' संग्रहालय चांगलं आहे, ओराशोचा सूर तिथे समजतो, पण हिरादोमार्गे गाडीच लागते. अमाकुसातलं साकित्सु हे गुप्त ख्रिस्तींचं गाव वेगळ्या प्रांतात, नागासाकीहून एका दिवसात उरकायचा हट्ट नको.

फुकुओकाहून ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलून दीड तासात नागासाकी येतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेलात तर निशिझाकावर उघड्या मैदानात हुतात्म्यांच्या सणाची मिस्सा मिळेल. थंडी बोचरी असते, वारा थेट खाडीवरून येतो. शाल न्या, आणि आपल्या गावच्या सणाची एखादी प्रार्थना पत्रिका सोबत ठेवा. 26 नावं वाचली जातात तेव्हा गोन्सालोचं नाव जपानी उच्चारात येतं, लक्ष देऊन ऐकलं तरच ओळखू येतं.